नवव्या डब्यातलं दहावं रीळ

जामखेडमध्ये सत्तरी ओलांडलेला कुणीही सिनेमाचा शौकीन गाठा आणि त्याला विचारा, "बर्फाच्या कारखान्यात शेठजींचा खून कुणी केला?" तो पटकन सांगेल, "मुनीमानं."

मुनीम बिचारा निर्दोष होता. खून केला होता घरच्या डॉक्टरने, आणि तोही चुकून. त्याला मारायचं होतं शेठजींच्या मेहुण्याला. हे सगळं ज्या रिळात उलगडतं ते रीळ मी आमच्या गावाला दाखवलंच नाही. मग चहाच्या टपरीवर लोकांनी मला धरलं. "बबन, लेका, तू वर बसून समदं बगतो. खुनी कोन हुता?" त्या आठवड्यात टॉकीजच्या मॅनेजरशी माझं वाजलं होतं. मॅनेजरला जाड भिंगांचा चष्मा होता आणि सिनेमातल्या मुनीमालाही तसाच होता. मी म्हणालो, "मुनीम." गावाने निकाल मान्य केला. पुढे कित्येक दिवस लोक आमच्या मॅनेजरकडे जरा सांभाळूनच बघायचे.

मी एकवीस वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे वरच्या खोलीत बसून मशीन चालवणारा. पडद्यावर चित्र नीट दिसत असेल तर त्याची कुणाला आठवण नसते आणि चित्र हललं की त्याच्या आईबापांपर्यंत सगळ्यांची आठवण निघते. त्या एकवीस वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी सांगण्यासारख्या आहेत, पण आता वय झालंय आणि लिहायला बसलोय ते मुख्यतः दोन निर्दोष माणसांवरचा डाग पुसायला. मुनीम हा त्यांतला सोपा. तो कागदावरचा माणूस, त्याचं काम झालं. दुसरा माणूस आमच्याच गावातला, हाडामांसाचा. त्याच्यावरचा डाग मीच लावलेला आहे.

आधी रीळ गाळायची भानगड समजावून सांगतो, कारण ती कळल्याशिवाय माझा गुन्हा कळणार नाही.

सिनेमा येतो तो पत्र्याच्या डब्यांतून. एका डब्यात एक रीळ, एक रीळ साधारण दहा मिनिटांचं, आणि एका सिनेमाची अशी चौदा ते सोळा रिळं. आमच्याकडे दोन मशीन होती. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं लावून ठेवायचं, कोपऱ्यात काळा ठिपका चमकला की पहिलं बंद, दुसरं चालू. हात साधलेला असेल तर खाली बसलेल्याला सांधा कळत नाही. आणि हात त्याहून जास्त साधलेला असेल, तर मधलं एक रीळ न लावताही खाली बसलेल्याला सांधा कळत नाही.

ही दुसरी कला आम्हाला एसटीमुळे शिकावी लागली. बाजारच्या दिवशी दुपारी तीनचा खेळ असायचा, तो खेड्यांवरून आलेल्या मंडळींसाठी. धान्य विकून, तेल-मीठ पिशवीत भरून माणसं टॉकीजला यायची आणि सहाच्या गाडीने परत जायची. एकदा सिनेमा लांबला आणि खर्ड्याची गाडी निघून गेली. पंचवीसतीस माणसं पिशव्यांसकट टॉकीजच्या ओट्यावर बसली आणि मालकांकडे बघत राहिली. त्यांतल्या एका म्हातारीने मालकांना एवढंच विचारलं, "आता म्हशीची धार तू काडनार का?" तेव्हापासून मालकांचा हुकूम निघाला. बाजारच्या दिवशी सहाला दहा मिनिटं असताना पडद्यावर 'समाप्त' दिसलंच पाहिजे. कसं, ते ऑपरेटरने बघावं.

मग कुठलं रीळ गाळायचं? पहिलं नाही, शेवटचं नाही. गाण्याचं नाही, कारण गाणं गाळलं तर लोक बाकडी मोडतात. मारामारीचं नाही, त्याच कारणाने. नटी असेल तेही नाही. म्हणजे राहता राहिलं ते रीळ, ज्यात दोन माणसं खोलीत उभी राहून बोलतात. आणि गुन्ह्याच्या सिनेमात दोन माणसं उभी राहून बोलतात तेव्हाच खुनी कोण ते कळत असतं.

आमच्याकडे बाजारच्या दिवशी गुन्ह्याचेच सिनेमे लागायचे, तेही जुने. नव्या सिनेमाची प्रिंट जामखेडपर्यंत यायची तेव्हा तो मुंबईकर विसरून गेलेले असत. दुपारच्या खेळाला तर त्याहून जुनं लागायचं. दुसरी लढाई संपल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत मुंबईत महिन्या-दीड महिन्यात उरकलेले ते काळे-पांढरे सिनेमे. थोडा खून, थोडी चोरी, बाकी सगळी गंमत. त्यांची नावंही ठरलेली. 'रात', 'गली', 'टॅक्सी', 'नंबर' यांतले दोन शब्द जोडले की नाव तयार. त्यातले नटही कुणाच्या लक्षात नाहीत आणि काढणारे दुसरा सिनेमा काढायच्या आत बुडालेले.

पण मला विचाराल तर माझ्या आयुष्यात मी तितकं दुसऱ्या कशाला हसलो नाही. त्या सगळ्या सिनेमांत जिना एकच होता. एकात नायिकेच्या वाड्याचा, दुसऱ्यात हॉटेलचा, तिसऱ्यात गुंडांच्या अड्ड्याचा. त्याच्या कठड्याचा चौथा दांडा तुटलेला, त्यामुळे मला तो कुठेही ओळखू यायचा. रस्ता दाखवायला पैसे नसले की धुकं सोडायचे. मुंबईत एवढं धुकं असतं असं मला चाळीस वर्षांचा होईपर्यंत खरं वाटत होतं. दुसऱ्या रिळात सुरा खाऊन मेलेला माणूस बाराव्या रिळात हवालदार होऊन यायचा आणि स्वतःच्याच खुन्याला पकडायचा. दार जोरात आपटलं की भिंत हलायची. भिंत हलली की खालून हमखास आवाज यायचा, "आमच्या ग्रामपंचायतीनं बांदली आसंल!"

मोठ्या सिनेमांत मोठी माणसं असत, त्यांची दुःखंही मोठी. ती बघून माणसं गप्प होऊन बाहेर पडायची. या सिनेमांत मोठं कुणीच नव्हतं. चोर भित्रा, गुंडाला सर्दी झालेली, नायकाकडे भाड्याचा कोट. सगळेच थोडेथोडे लबाड आणि कुणाचीच लबाडी फार लांब जात नाही. बाजारात दिवसभर मापात मारणारा आणि मारून घेणारा हे दोघं एकाच बाकड्यावर बसून हसायचे, ते याच सिनेमांना. आमचे एक हवालदार तर नियमाने यायचे, पण शेवटच्या रिळाआधी उठून जायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "समदं झाल्यावर पोलीस येत्यात, ते बगाया तिकीट काडू व्हय? ते तर मी रोज करतोच की."

अशाच एका सिनेमात आमच्या गावचा माणूस होता. दानिएल साळवे, शिंपी. चर्चच्या मागच्या आळीत त्यांचं घर, आणि स्टँडजवळ एक मशीन मावेल एवढं दुकान. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मी त्यांना दानिएलभाऊ म्हणायचो. तरुणपणी ते तीन वर्षं मुंबईला होते, एका सिनेमावाल्याच्या कपडेखात्यात. त्या काळी लढाईतून उरलेले मिलिटरीचे ओव्हरकोट तिथे स्वस्तात मिळायचे, म्हणून त्या सिनेमांतला झाडून प्रत्येक गुंड ओव्हरकोटात असायचा, भर मे महिन्यातसुद्धा. ते कोट उसवून नटांच्या मापाचे करायचे हे दानिएलभाऊंचं काम. एकदा चोराचं काम करणारा नट आलाच नाही. कोट तर तयार होता, आणि शिवताना भाऊंनी तो स्वतःच्या अंगावर घालून बेतला होता. डायरेक्टर म्हणाला, कोट ज्याला बसतो तोच चोर.

ही हकिकत ते दुकानात कापड घेऊन आलेल्या प्रत्येकाला सांगत. सांगण्यात चढवून काही नसायचं. "एकच सीन. चोर घरात शिरतो, तर आदीच दुसरा चोर आत. दोघंबी घाबरत्यात, टोप्या काडून रामराम करत्यात. मी म्हनतो, 'माफ करा, चुकून आलो,' आन खिडकीतनं जातो. बास." लोक ऐकायचे आणि डोळे मिचकावायचे. मुंबईहून परत आलेला प्रत्येक माणूस तेव्हा काही ना काही सांगतच असे.

त्यांचे सासरे मात्र डोळे मिचकावणाऱ्यांतले नव्हते. थोरात गुरुजी. मिशनच्या शाळेत जन्मभर शिकवलेलं, खादीची टोपी, हातात काठी. त्यांना सिनेमा आवडत नव्हता, पण खोटं बोलणं त्याहून आवडत नव्हतं. जावयाच्या या गोष्टीवर ते कधी हसले नाहीत आणि कधी 'हो'ही म्हणाले नाहीत. एकदा एवढंच म्हणाले होते, "बघू. येईल तेव्हा बघू."

आणि तो आला. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी स्टँडवर पोस्टर लागलं, 'बंगला नंबर साडेतेरा'. दानिएलभाऊ मशीनवरून उठून पळत टॉकीजला आले. "बबन, हाच! हाच त्यो! किती दिस हाय?"

"दोन दिवस. बाजारचा आणि दुसरा."

"म्हंजे गुरुजी बाजारच्या दिशी येत्याल. आरं, पन बाजारच्या दिशी तुमी रीळ खाता."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "तुमचं नाही खाणार. कितवं आहे?"

त्यांनी डोळे मिटून विचार केला. "इंटरव्हलनंतर क्लबातलं गानं हाय. त्याच्या फुडं दोन रिळांनी मी."

प्रिंट बाजारच्या दिवशी पावणेतीनला एसटीच्या टपावरून उतरली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, क्लबचं गाणं आठव्या रिळात. म्हणजे भाऊ दहाव्यात. मी दहाव्या डब्यावर खडूने फुली मारली आणि वेगळा ठेवला.

खाली पहिल्या बाकड्यावर थोरात गुरुजी काठी दोन गुडघ्यांत धरून बसले होते. पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा टॉकीजमध्ये. शेजारी दानिएलभाऊ इस्त्रीच्या शर्टात, त्यांच्या पलीकडे बायकांच्या बाजूला मार्थावहिनी आणि दोन्ही पोरं. मागे निम्मी आळी. शिवाय ज्यांनी ज्यांनी त्यांच्याकडे कपडे शिवले होते ते सगळे. इंटरव्हलला भाऊंनी गुरुजींसाठी सोडा आणला. गुरुजींनी विचारलं, "अजून किती वेळ, जावईबापू?" भाऊ म्हणाले, "गानं झालं की आलोच."

इंटरव्हल संपला आणि लाइट गेली. गेली ती अर्ध्या तासाने आली. मॅनेजर जिन्यातून ओरडला, "दोन गाळ! दोन!" मी सहावं-सातवं भराभर चालवलं, आठव्यातलं गाणं दाखवलं. नववं गाळायचं, फुलीवालं दहावं लावायचं, अकरावं दाखवायचं, बारावं गाळायचं, असा हिशेब बांधला आणि फुलीवाला डबा उघडून मशीनवर चढवला.

आता इथे एक गोष्ट सांगतो, ती या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. डब्यावरचा आकडा वाचायचा नाही. रिळाच्या सुरुवातीला फिल्मवरच आकडा छापलेला असतो, तो वाचायचा. कारण आधीच्या गावातला ऑपरेटरही तुमच्यासारखाच घाईत असतो, आणि तो कुठलं रीळ कुठल्या डब्यात कोंबेल ते सांगता येत नाही. मी सगळी वर्षं हा नियम पाळला. त्या दिवशी पाळला नाही.

फुलीवाल्या डब्यात नववं होतं. दोन माणसं खोलीत उभी राहून दहा मिनिटं मृत्युपत्राबद्दल बोलली. मी झरोक्यातून बघत होतो, आता चोर येईल, मग येईल. कोपऱ्यात ठिपका चमकला. मी यांत्रिकपणे दुसरं मशीन चालू केलं, अकरावं सुरू झालं, आणि मग बाजूला टाकलेला नववा डबा उघडून पाहिला. फिल्मवर स्वच्छ छापलं होतं: दहा.

तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. गाळायच्या बाराव्याच्या जागी ते रीळ लावता आलं असतं, फक्त दहा मिनिटं उशीर झाला असता. खुनाचा उलगडा होत आल्यावर चोर घरात शिरला असता, एवढंच. त्या सिनेमात कुणाला काही वाटलंही नसतं. मी डबा उचललाही. पण मॅनेजर वर येऊन दारात घड्याळ बघत उभा राहिला होता आणि मी डबा खाली ठेवला.

'समाप्त' झालं, दिवे लागले. माणसं एसटीसाठी उठायला हवी होती, पण उठली नाहीत. सगळे पहिल्या बाकड्याकडे बघत होते. थोरात गुरुजी मोठ्याने बोलले नाहीत, पण टॉकीज एवढं शांत होतं की मला वर ऐकू आलं. "जावईबापू, तुम्ही कुठं होता?"

दानिएलभाऊ उभे राहिले आणि माझ्या झरोक्याकडे तोंड करून ओरडले, "बबन! माजं रीळ खाल्लंस का रं?"

सगळं टॉकीज मान वर करून बघायला लागलं. माझ्या मागे मॅनेजर. आणि नेमका त्याच दिवशी खाली ऑफिसात, प्रिंटा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस नगरहून येऊन चहा पीत बसलेला. रीळ गाळल्याचं त्याच्या कानावर गेलं असतं तर कंपनीने प्रिंटा बंद केल्या असत्या, मालकांनी मला बंद केलं असतं. माझं लग्न ठरलेलं होतं. मी झरोक्यातून डोकं बाहेर काढलं आणि म्हणालो, "समदी रिळं दावली, भाऊ. तसला सीन न्हाई ह्यात."

ऑपरेटरचं म्हणणं म्हणजे शेवटचा शब्द. आधी एक हसला, मग सगळे हसले. पत्र्याच्या टॉकीजमध्ये हसू फार घुमतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी काठी उचलली, मुलीला म्हणाले, "चल, मार्था, घरी चल," आणि जावयाकडे न बघता बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॉकीज जवळजवळ रिकामं होतं; होती ती थोडी माणसं परगावची, गाडीला वेळ होता म्हणून येऊन बसलेली, साळव्यांना न ओळखणारी. मी सगळी रिळं फिल्मवरचे आकडे बघून क्रमाने लावली. दहावं लागलं आणि मी झरोक्याला डोळा लावला.

आता हे नीट लिहितो, कारण हे दुसरीकडे कुठे नोंदलेलं नाही. अंधारी खोली. खिडकीवर जाड पडदा. पडदा हलतो आणि ओव्हरकोटातला एक बारीक माणूस आत उतरतो. नाक, हनुवटी, डाव्या भुवईवरची खूण, दानिएल साळवे. चोरपावलांनी तिजोरीकडे जातो. तिजोरीपाशी आधीच एक जाडा चोर बसलेला. दोघं एकमेकांना बघून दचकतात, दोघं टोप्या काढतात, वाकून नमस्कार करतात, आणि टोप्या परत घालताना अदलाबदल होते. जाड्याची टोपी बारक्याच्या नाकापर्यंत येते. बारका म्हणतो, "माफ करा, चुकून आलो." खिडकीतून बाहेर पडताना कोटाचं बटण पडद्यात अडकतं आणि तो पडद्यासकट बाहेर जातो. क्षणभर खिडकी मोकळी. मग बाहेरून एक हात येतो आणि पडदा नीट घडी करून खिडकीत ठेवतो.

मी वर एकटा मोठ्याने हसलो. साळव्यांचं दुकान तिथून दोन मिनिटांवर होतं. रीळ पुन्हा गुंडाळून दाखवायला दहा मिनिटं. गुरुजी त्या दिवशी अजून त्यांच्याच घरी मुक्कामाला होते, हेही मला ठाऊक होतं. मी गेलो नाही. काल खोटं बोललो हे आज कसं सांगायचं, एवढंच माझ्या मनात होतं. संध्याकाळच्या गाडीने प्रिंट पुढच्या गावाला गेली.

मग म्हण तयार झाली. जे येणार येणार म्हणतात आणि येत नाही, त्याला जामखेडमध्ये 'साळव्याचा सीन' म्हणायला लागले. नळाचं पाणी म्हणजे साळव्याचा सीन. पुढाऱ्याचं आश्वासन म्हणजे साळव्याचा सीन. दानिएलभाऊंनी ती गोष्ट सांगणं बंद केलं. लाजेने सांगतो, ती म्हण एकदोनदा मीही वापरली. गप्प राहिलो असतो तर लोकांना संशय आला असता, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं.

टॉकीज बंद पडलं, तिथे आता मंगल कार्यालय आहे. गुरुजी गेले. मी मोबाईलवर त्या सिनेमाचा खूप शोध घेतला. एक फाटकं पोस्टर सापडतं, सिनेमा कुठेच नाही. म्हणजे त्या सीनचा साक्षीदार मी एकटाच उरलो. तरीही गप्प होतो. या उन्हाळ्यात टपरीवर एक विशी-बाविशीचा तरुण रस्त्याच्या कामाबद्दल म्हणाला, "कसला रस्ता? साळव्याचा सीन झालाय त्यो." मी विचारलं, "साळवे कोण रे?" तो म्हणाला, "कुनाला ठावं, आजोबा. तशी म्हनच हाय."

आम्ही दोघं गेल्यावरही ती राहणार, हे तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चच्या मागच्या आळीत गेलो.

दानिएलभाऊ अठ्ठ्याऐंशीचे आहेत. मशीन अजून खिडकीशी आहे, त्यावर उशांचे अभ्रे शिवतात. मार्थावहिनी जमिनीवर बसून बाजरी निवडत होत्या.

"या बबनराव," त्या म्हणाल्या. "आज वाट चुकला का काय?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता, आणि चहा पिऊन परत आलो असतो. म्हणालो, "भाऊ, तुमचा सीन होता. मी दाखवला नाही."

मशीन थांबलं. मी सगळं सांगितलं. डबे, फुली, लाइट, मॅनेजर, नगरचा माणूस, दुसऱ्या दिवसाचा खेळ. मधेच थांबलो असतो तर पुढचं बोलवलं नसतं.

आधी वहिनी बोलल्या. "म्हंजे हुता?"

"होता, वहिनी."

"हे सांगत्यात तसाच?"

"तसाच. दोन टोप्या, खिडकी, सगळं. पडद्याचं तर हे सांगतही नव्हते."

त्यांचे हात बाजरीत तसेच राहिले. "माजे वडील शेवटपर्यंत ह्यांच्याच हातचे सदरे घालायचे. पन म्हनायचे, दानिएलचं माप खरं हाय, बोलनं न्हाई. मरायच्या आदल्या म्हैन्यात बी म्हनले. आता त्यास्नी कसं सांगू मी?"

त्यांनी बाजरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"आन मी काय केलं ठावं हाय? हे भाईरनं येऊन काय बी सांगाया लागले, का मी पोरांस्नी विचारायची, 'तुमी बगितलं का रं?' पोरं हसायची. हे बी हसायचे." त्यांनी सूप बाजूला सारलं. "तुमी लई वंगाळ केलं, बबनराव."

"हो," मी म्हणालो.

दानिएलभाऊंनी चष्मा काढला, अभ्र्याने पुसला आणि परत घातला. मला वाटलं, आता ते मला घराबाहेर काढतील. ते म्हणाले, "दुसऱ्या दिशी दावलास म्हनतोस. मानसं किती हुती?"

"अकरा."

"हसली का?"

"हसली की."

"कुठं? टोपीला का पडद्याला?"

"टोपीला थोडी. पडद्याला जोरात. हात आत येतो ना घडी ठेवायला, तिथं तर एक जण बाकडं बडवत होता."

भाऊंनी मशीनवर थाप मारली. "बग! बग मार्था! मी त्या डायरेक्टरला सांगत हुतो, गंमत टोपीत न्हाई, पडद्यात हाय. आरं, त्यो पडदा चुकून अडाकला. बटन मीच शिवलेलं, तुटंल कसं? डायरेक्टर म्हनला, ह्यो तुकडा काडून टाकू. मी म्हनलो, साहेब, ऱ्हाऊ द्या, लोक हसत्याल. मग मला वाटलं, त्यानं काडलाच." ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे त्यानं ठेवला हुता."

"ठेवला होता, भाऊ."

"आन घडी घातल्याली दिसली? नीट?"

"एकदम नीट. शिंप्यासारखी."

ते इतके हसले की वहिनींनी उठून पाणी दिलं. पाणी देता देता त्याही हसल्या, आणि मग पदराने डोळे पुसत परत बाजरीपाशी बसल्या. त्या मला माफ करतील असं मला वाटत नाही. पण चहा ठेवला.

मी म्हणालो, "हे सगळं यंदाच्या दिवाळी अंकात लिहितो. गावाला कळू द्या."

"लिव," भाऊ म्हणाले. "पन अकरा नगं लिवू. हाऊसफुल्ल लिव."

वहिनींनी सुपातून मान वर केली. "काय नगं! अकरा हुती तर अकराच लिवा, बबनराव. एवढ्या वरसांनी ह्यांची एक गोष्ट खरी निघाली, तिला लगीच ठिगळ लावाया बसले!"

"आगं, कोन मोजाया येतंय?"

"मी हाय की."

दानिएलभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मीच काय तो सांगणारा म्हणून. मी वहिनींच्या बाजूने मान हलवली.

तर लिहून ठेवतो. माणसं अकरा होती. त्यांतला एक झोपलेला होता. बाकीची दहा हसली.